लखीरामचा अंगठा

दार लोटून घे, ओम. भुतांसाठी नाही, डासांसाठी. भुतांना दाराची अडचण नसते.

ही गोष्ट माझ्या ओळखीतल्या इंद्रजीतची. पुसदला तो बांधकामांचे सुरक्षा आराखडे तयार करून द्यायचा. ‘प्रत्येक कामाला वेगळा आराखडा’ असं त्याच्या पाटीवर होतं. प्रत्यक्षात आराखडा एकच, गावाचं नाव तेवढं बदलायचं. मी सरकारी कारकून. मला त्यात नवल वाटलं नाही.

महागाव रस्त्यावर पाण्याची टाकी होणार होती. तिला त्यानं उमरखेडच्या एका रंगकामाचा आराखडा चिकटवला. शिडीवर पट्टा बांधा, डोक्याला हेल्मेट घाला. पाया होता पंधरा फूट खोल, काळ्या मातीत. खड्ड्याच्या भिंतींना फळ्यांचा आधार द्या, हे त्यात कुठेच नव्हतं. भिंत कोसळली. तांड्यावरचा लखीराम उभाच्या उभा गाडला गेला. काढला तेव्हा घशापर्यंत माती होती.

चौकशी लागली. इंद्रजीतनं मागच्या तारखेचा नवा आराखडा लिहिला. सोबत प्रशिक्षणाची वही. एक्केचाळीस मजुरांना नियम शिकवले, हे त्यांचे अंगठे. सगळे ठसे त्यानं स्वतःच्या डाव्या अंगठ्यानं उठवले. विळ्याच्या जुन्या व्रणाची तिरपी रेघ प्रत्येक ठशात उमटली. लखीरामच्या नावापुढेही. म्हणजे नियम शिकूनही लखीराम खड्ड्यात उतरला, चूक मेलेल्याची.

चौदा नोव्हेंबर दोन हजार चोवीस, गुरुवार, रात्री साडेदहा. सकाळी चौकशीवाले येणार, म्हणून तो वही साइटवरच्या पेटीत ठेवायला गेला. चौकीदार बापूजी शेकोटीपाशी होता.

“चावी दे, बापूजी. मी आलतो हे कोणाले सांगू नको.”

“नाही सांगत. पन साहेब, खड्ड्याच्या काठानं जाऊ नका.”

“काहून?”

“लखीराम रोज हजेरीले येते.”

“मंग घेत जा ना त्याचा आंगठा!” इंद्रजीत हसला.

पेटी काठावरच्या टिनाच्या शेडमध्ये होती. त्यानं वही ठेवली. कुलूप लावलं. वळला.

खाली फावडं चाललं होतं. खर्र... खर्र...

थांबलं.

“साहेब... माहा आंगठा राह्यला.”

त्यानं बॅटरी मारली. खड्डा रिकामा. फक्त भिंतीतून एक हात. कोपरापर्यंत.

तो पळाला. काठ ढासळला. पडला. हातानं मनगट धरलं. ओढलं. हाड वाजलं. ओरडायला तोंड उघडलं... माती.

बापूजीला काहीच ऐकू आलं नाही. पहाटे त्याला इंद्रजीत दिसला. डावा हात खांद्यापर्यंत भिंतीत. ओढून काढला, तर अंगठा नाही. कापलेला नव्हता. मुळा उपटावा तसा उपटलेला. माती चाळली. सापडला नाही.

“मेला का, काका?”

वाचला. घडलं ते उजव्या हातानं एकदा लिहून दिलं, बोलत मात्र नाही. वही आदल्या रात्री चोरून ठेवली, हे बापूजीनं चौकशीत सांगितलं आणि लखीरामवरचा ठपका गेला.

“मी चाललो घरी...”

जा की, ओम. रस्ता टाकीवरूनच आहे. नाही? मग बस.

वही पुरावा म्हणून आमच्या ऑफिसात आली. दोरी बांधली, लाखेची मोहोर केली, कपाटाची चावी माझ्याकडे. एकतीस मार्चला मी निवृत्त झालो. सोपवताना दोरी सोडली. मोहोर तोवर शाबूत होती.

चाळीस नावांपुढे एकेक ठसा. शाईचा, सुकलेला.

लखीरामच्या नावापुढे रांगच्या रांग. पान भरून मागच्या पानावर. काळ्या मातीचे ठसे. मी मोजले, सवय. शाईचा एक सोडून एकशे सदतीस. पंधरा नोव्हेंबरपासून रोजचा एक.

प्रत्येकात ती तिरपी रेघ.

शेवटचा... ओला होता.