डोनलची अर्धी चाल

मघाशी विचारलंत ना, ॲल्फ्रेड, ही कुठली चाल वाजवलीस, आपल्या चर्चच्या गाण्यांतली तर वाटत नाही? सांगतो. बसा आरामात.

गेल्या मार्चमधली गोष्ट. ग्रेसी, माझी बायको, तेव्हा खलिफा सिटीतल्या एका व्हिलात होम नर्स म्हणून जायची. पेशंट होत्या नोरा, ऐंशी पार केलेल्या आयरिश बाई. मुलगा ब्रेंडन इथे इंजिनियर, म्हणून त्या आजारपणात त्याच्याकडे येऊन राहिलेल्या. शनिवारी दुपारी चर्चमधली क्वायरची प्रॅक्टिस आटपून मी ग्रेसीला न्यायला गेलो. गाडीत तापायला नको म्हणून व्हायोलिन घेऊनच आत शिरलो.

"बरं झालं आलास," ग्रेसी म्हणाली. "फार्मसीतून मेडिसिन घेऊन येते. ब्रेंडन साइटवर आहे. तू बस त्यांच्यापाशी."

ती गेली आणि बाहेर धुळीचं वादळ उठलं. काचांवर वाळू सरसरत होती. खोलीत हळदीसारखा पिवळा उजेड. नोरा भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या, डोळे मिटून.

"ते फिडल आहे का रे?" त्यांनी विचारलं. त्या इंग्रजीत बोलायच्या, मी आपल्या भाषेत सांगतोय. तिकडे व्हायोलिनला फिडल म्हणतात.

हो म्हटल्यावर त्या बोलायलाच लागल्या. ग्रेसी म्हणायची, बाई दिवसभर गप्प असतात. पण त्या दुपारी काय बोलल्या!

त्यांच्या तरुणपणी उन्हाळ्यात एका छोट्या गावात संगीताचा मेळा भरायचा. स्टेज नाही, माईक नाही, तिकीट नाही. गावातली सगळी दारं उघडी. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरायचं, स्टूल ओढायचं, वाजवायला लागायचं. पोस्टमन, खाटीक, शेतकरी, शाळामास्तर, सगळे एका गोलात. झोपायला जागा नाही म्हणून लोक गवताच्या गंजीत झोपायचे. सकाळी बेकरीवाला गरम पाव वाटायचा आणि बदल्यात एक चाल मागायचा. नोटेशन कोणाकडेच नाही. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या कानात.

"दात पडलेला एक म्हातारा होता," त्या हसल्या. "स्वतः वाजवायचा नाही. फक्त पायाने ठेका धरायचा. पण तो येऊन बसला की सगळ्यांचे हात सुधारायचे."

मला आमच्या वसईचे जुने वाजंत्री आठवले. बिदागीपेक्षा समोरच्याच्या मान डोलावण्यावर जगणारी माणसं. ऐकताना वाटलं, आपण चाळीस वर्षं उशिरा जन्मलो.

"आता तिथे तंबू असतात, लाइट असतात. छान वाजवतात पोरं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या भावाची, डोनलची, एक चाल होती. त्याच मेळ्यात मिळालेली. ती आता कुणालाच येत नाही. मला अर्धीच आठवते. मी गेले की तीही जाईल... वाजवशील?"

त्यांनी गुणगुणून दाखवलं. आवाज कापरा, पण सूर पक्का. मी दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बसलं. साधी नाचाची चाल, पण मध्ये एक खोल हेलकावा. अर्ध्यावर आलो आणि थांबलो. पुढचं त्यांना येत नव्हतं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

पुन्हा वाजवलं. त्याच जागी तारांवरून बो उचलला. ए.सी.ची घरघर बंद पडली होती, आणि माझ्या पाठीमागून, पॅसेजमधून, कुणीतरी पुढचा भाग उचलला.

लाकडी बासरी. अगदी जवळ.

ओल्या लोकरीच्या कोटांचा वास आला, त्यात चुलीचा धूर. या वाळवंटी देशात, मार्चमध्ये! मग टाइल्सच्या जमिनीवर पाय वाजू लागले. आधी एक. मग कितीतरी. पण आवाज टाइल्सचा नव्हता, लाकडी फळ्यांचा होता.

मी वळणार, तेवढ्यात नोरांनी माझं मनगट धरलं. डोळे अजून मिटलेलेच.

"वळू नकोस... तो लाजतो," त्या पुटपुटल्या. "वाजव. शिकून घे."

आणि खरं सांगू? भीती वाटत होती, तरी मी वाजवलं. कारण इतकं सुंदर मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बासरी एक ओळ सांगायची, मी धरायचो. चुकलो की ती थांबायची, न रागावता तीच ओळ पुन्हा सांगायची. असा गुरू मला कधी मिळाला नाही. शेवटी दोघांनी मिळून अख्खी चाल वाजवली. नोरांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मग ए.सी. सुरू झाला, आणि सगळं गेलं.

ग्रेसी धुळीने माखून परत आली. "दारातच का उभे होते एवढे लोक?" तिने विचारलं. "नीट दिसले नाहीत या धुळीत. सॉरी सॉरी म्हणत मीच वाट काढत आत आले."

मी व्हायोलिन पेटीत ठेवलं.

ईस्टरनंतर नोरा झोपेतच गेल्या. चर्चमध्ये त्यांच्यासाठी झालेल्या मिस्सात ब्रेंडनने मला काहीतरी वाजवायला सांगितलं. मी तीच चाल वाजवली. नंतर हॉलमध्ये चहा घेताना तो माझ्याजवळ आला. चेहरा पांढराफटक.

"दुसरा भाग तुला कुणी शिकवला? मी तो लहानपणी ऐकलाय, पण आईलाही येत नव्हता."

"तुझ्या मामाने," मी म्हणालो, आणि त्या दुपारचं सगळं सांगून टाकलं. त्याला बरं वाटेल असं वाटलं. "लाजाळू होते ना? बासरी फार गोड होती त्यांची."

"डोनलमामा फिडल वाजवायचा," ब्रेंडन म्हणाला. "बासरी त्याने कधी हातात धरली नाही. ही चाल तो मेळ्यात शिकला. कुंपणाच्या भिंतीवर बसून वाजवत होता, पाठीमागून कुणीतरी पुढचं सांगितलं. मग घरीही... तो वाजवायला बसला की मागे यायचं."

"कोण?"

त्याने खांदे उडवले.

"त्याने कधी वळून नाही पाहिलं?"

"एकदा," ब्रेंडन म्हणाला. मग माझं व्हायोलिन त्यानेच पेटीत ठेवलं, आणि कड्या लावल्या.

मी ती चाल सोडलेली नाही. अशी चाल मरू देणं पाप आहे. फक्त आता भिंतीला पाठ घट्ट टेकून वाजवतो, तुम्ही पाहिलंतच. मागे जागाच ठेवत नाही.

तरीही मानेवर गार फुंकर लागते.