शेवटच्या प्रकरणाआधी

दुकानातून लवकर सुटून धाकटी आधी घरी गेली, ती पुस्तक निवडायला. निवडायचं म्हणजे काय, तर कपाटासमोर उभं राहून खिडकीबाहेर बघायचं. हे शास्त्र तिच्या बाबांचं. जन्मभर त्यांनी लांब पल्ल्याच्या बस चालवल्या आणि मुक्कामाच्या गावी रहस्यकथा वाचल्या. पण हाताला लागेल ती नाही. घाटातल्या मुक्कामाला धुक्यातला खून, किनाऱ्यावर बुडालेलं जहाज, भर उन्हाळ्यात वाळवंटातले तंबू. "थंडीत उन्हाळ्याचं पुस्तक वाचलं की सर्दी होते," असं ते गंभीर चेहऱ्याने सांगत, आणि धाकटी बरीच मोठी होईपर्यंत ते खरं मानून होती.

बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरची इमारतही दिसत नव्हती. तिने बर्फात अडकलेल्या सराईचं छोटंसं पुस्तक घेतलं आणि दवाखाना गाठला.

अर्धांगाच्या झटक्याने बाबांचं बोलणं गेलं होतं. डोळे उघडे असत, पण नजर छताला लागलेली. त्यांना काही कळतंय की नाही, हे कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. डॉक्टरांनी मात्र सकाळी स्पष्ट सांगितलं होतं. "उद्याच्या राऊंडला एखादा शब्द तरी हवा. नाहीतर इथे ठेवून उपयोग नाही. त्यांना कायमच्या रुग्णांच्या केंद्रात हलवू." ते केंद्र गावाबाहेर होतं आणि तिथून कोणी घरी परतल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. दादाने, म्हणजे तिच्या भावाने, होकारही देऊन टाकला होता. त्याचंही काय चुकलं म्हणा. बिचारा थकला होता.

भर दुपारी वॉर्डात दिवे लावलेले होते. फिनाइलचा वास, लांब कुठेतरी ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक, आणि खिडकीच्या काचेला चिकटून बसलेलं धुकं. बाबांच्या शेजारच्या कॉटभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. कोणी झोपलं असेल म्हणून धाकटीने आवाज बेताचा ठेवला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

सराईत खून झाला होता. संशय तिघांवर होता: आचारी, पोस्टमन आणि सराईच्या मालकिणीची बहीण. वाचता वाचता धाकटीचा घसा सुकला. शेवटचं प्रकरण आलं आणि ती सवयीने थांबली.

कारण घरातला दुसरा नियम पहिल्याहून कडक होता. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं. ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपला गुन्हेगार तोंडाने सांगायचा. सगळ्यांचं सांगून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. धाकटीला एकदा ताप होता, तर ती बरी होईपर्यंत पुस्तक मिटलेलं राहिलं होतं.

"माझं मत, मालकिणीची बहीण," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगा, बाबा."

छताकडची नजर हलली नाही.

"बाबा... तुमचं राहिलंय."

ट्रॉलीचं चाक थांबलं होतं. वॉर्डात अशी शांतता पसरली की तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. उद्या त्यांना उचलून नेतील आणि हे पुस्तक असंच मिटलेलं राहील, या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. बाईचा होता. खोल, दमलेला.

"पोस्टमन..."

धाकटी दचकली. मग तिला हसू आलं. म्हणजे पलीकडची आजारी बाईसुद्धा कथा ऐकत होती तर! ती काही बोलणार, इतक्यात बाबांच्या पलंगावर चादर सळसळली. बाबांचा ओठ वाकडा होऊन थरथरत होता. कपाळाला आठी पडली होती. कुणी उघड उघड चुकीचं नाव घेतलं की पडायची तीच आठी.

"छे..." बाबा म्हणाले. मग सगळा जीव गोळा करून, "आ... चारी."

धाकटीने पुस्तक टाकलं आणि सिस्टरना हाका मारत सुटली. सिस्टर आल्या, त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, आणि डॉक्टरांसमोर बाबांनी 'आचारी' दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जरा चिडूनच. केंद्राचा विषय तिथेच मिटला.

गडबड ओसरल्यावर धाकटी पडद्यापाशी गेली. "मावशी, तुमचे उपकार कसे..." म्हणत तिने पडदा सरकवला.

लोखंडी कॉट रिकामी होती. गादीसुद्धा नव्हती. पट्ट्यांवर धूळ साचलेली.

"तो बेड बंद आहे," मागून सिस्टर म्हणाल्या. "वरून पाणी गळतं. म्हणून तर पडदा ओढून ठेवलाय."

धाकटीच्या अंगावर काटा आला. पळून जावंसं वाटलं. पण मागे तिचे बाबा अडखळत सिस्टरकडे पाणी मागत होते, आणि तो आवाज ऐकून तिच्या मनात भीतीपेक्षा मोठं काहीतरी दाटून आलं. रिकाम्या कॉटला तिने हात जोडले. "कोण आहात ते ठाऊक नाही. पण माझे बाबा तुम्ही परत दिलेत."

बाबांना घरी सोडलं तेव्हाही धुकं होतंच. आता ते तुटक तुटक बोलत. जन्मभर बस चालवलेला माणूस टॅक्सीत मागे थोडाच बसणार? ते पुढे बसले, धाकटी मागे.

"ती बाई... मुद्दाम चुकली," बाबा अचानक म्हणाले. "तिला माहीत होतं... मला चुकीचं ऐकवत नाही."

"तुम्ही ओळखता तिला?"

"रोज बोलायची. तू गेल्यावर..." ते दम खायला थांबले. "किती वर्षं झाली, कोणी न्यायला आलं नाही म्हणाली. म्हटलं, चल मग. उपकार आहेत तुझे. घरी खोली आहे... पुस्तकं आहेत."

टॅक्सीवाल्याने गाडी सुरू केली.

"थांबा," बाबा त्याला म्हणाले. त्यांनी आरसा आपल्याकडे वळवून घेतला आणि मागे बघत राहिले, प्रवासी चढेपर्यंत ड्रायव्हर बघतो तसे. "सावकाश... घाई नाही."

धाकटीच्या शेजारची सीट हळूच खाली दबली.

"हं. चला आता," बाबा समाधानाने म्हणाले.

तिकडे न बघता धाकटीने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि खिडकीकडे सरकून जागा करून दिली.