वहीबाचे ओठ

ऐकीव म्हणून सोडून देऊ नका. हे आमच्याच घरात घडलंय. सनिय्या म्हणजे माझ्या आजोबांची आई, आणि यातलं बाळ म्हणजे खुद्द आजोबा.

अलेक्झांड्रिया, मुहर्रम बे मोहल्ला. एकोणीसशे अडतीसचा एप्रिल. मंगळवारची दुपार. वाळवंटातून धूळ घेऊन येणारा खमसीनचा वारा सुटला होता आणि आभाळ हळदीसारखं पिवळं पडलं होतं.

सनिय्या जन्मतः बहिरी. तिची आई वहीबा, मूकपटांतली नटी. फिरदौस थिएटरच्या दारात तिच्यासाठी बायकांची रेटारेटी व्हायची.

लेकीला ऐकू येत नाही, हे वहीबाला कितीतरी दिवस पटलंच नव्हतं. पाळण्याशी बसून ती ओरडायची. टाळ्या वाजवून, नाव घेऊन, रडून. लेकीला काही ऐकू आलं नाही. आईचा गळा मात्र कायमचा बसला.

मूकपटात गळ्याला कोण विचारतो? तिची कामं जोरात चालली होती.

मग पडदा बोलायला लागला.

स्टुडिओत तिला एक वाक्य म्हणायला लावलं आणि सगळे हसले. "बाई, चेहरा चंद्राचा आणि आवाज उंटवाल्याचा!"

पुन्हा कुणी बोलावलं नाही. वहीबा छातीच्या दुखण्यानं गेली. लेकीचं लग्नही तिनं पाहिलं नाही.

फिरदौसमध्ये मंगळवारी दुपारी बायकांसाठी जुने मूकपट लागायचे. सनिय्या नणंदेला, एहसानला घेऊन जायची. कारण तिथे तिची आई तिच्याशी बोलायची.

खरंच बोलायची. मूकपटात नटांनी तोंडानं काहीही म्हटलं तरी चालायचं. लहानगी सनिय्या कॅमेऱ्यामागे बसलेली असायची, आणि वहीबा भर प्रेमाच्या प्रसंगात लेकीशीच बोलून घ्यायची. सनिय्याला ओठ वाचता यायचे.

पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा म्हातारा ऊर फुटेस्तोवर ओरडायचा, "ती म्हणते, प्राणनाथा, तुझ्याविना मी मरेन!" बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

"खरं काय म्हणते गं?" एहसान तोंड तिच्याकडे करून विचारायची.

"म्हणते, शेंगदाणे पुरे आता, मग जेवण जात नाही," सनिय्या आपल्या सपाट आवाजात सांगायची. दोघी खुदुखुदु हसायच्या.

त्या दुपारी मात्र तिचा पाय घराबाहेर पडत नव्हता. आधीची दोन बाळं गेलेली. हे तिसरं तरी जगावं म्हणून तिनं दारोदार पदर पसरून भीक मागितलेली. म्हणून त्याचं नावच शहाता. भिकेचं.

"जा गं बाई, आईला भेटून ये," सासू हाज्जा तफीदा म्हणाली. "तुझ्या राजपुत्राला मी खात नाही. धूळ नको म्हणून खिडक्या लावते, झालं."

कोपऱ्यात निखाऱ्यांच्या शेगडीवर दुपटी वाळत होती.

थिएटरात कारंज्याचा प्रसंग आला. इथे वहीबा नेहमी म्हणायची, "शाल घे, गार लागेल."

आज ओठ हललेच नाहीत...

मग डोळे हळूहळू खाली आले. थेट सनिय्याच्या खुर्चीवर.

"सनिय्या."

तिनं एहसानचा दंड घट्ट धरला. "म्हातारा काय म्हणतोय?"

"नेहमीचंच की गं. प्राणनाथा..."

"घरी जा," पडद्यावरचे ओठ म्हणाले. "पोर गुदमरतंय. पळ!"

सनिय्या पळाली. चपला तिथेच राहिल्या. डोळ्यांत रेती, तोंडात रेती. जिना. दार.

दाराखाली धूळ अडवायला चिंध्या कोंबल्या होत्या. तिनं खांद्यानं ते ढकललं.

आत धूर नव्हता. नुसती ऊब. निखारे लाल. हाज्जा भिंतीशी कलंडलेली.

आणि पाळण्यात शहाता... निळसर. मान टाकलेला.

तिनं त्याला उचलून जिन्यावर आणलं. पाठ चोळली. तोंडावर फुंकर घातली. तो रडतोय की नाही, हे कळायला तिच्याकडे कान नव्हते. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

तोंड हललं नाही...

मग ओठ थरथरले. वेडेवाकडे झाले. पार टाळू दिसेपर्यंत उघडले.

एहसान धापा टाकत जिना चढून आली. "रडतोय गं! केवढ्यानं रडतोय! ऐक... अगं, बघ तरी!"

तिनं धावत आत जाऊन खिडक्या उघडल्या, हाज्जाला फरफटत वाऱ्यावर आणलं.

तिन्हीसांजेला हाज्जा बोलायला लागली. पहिलं वाक्य हेच.

"ती बाई कोण होती गं?"

"कोण बाई?" एहसान म्हणाली.

"मला हाका मारत होती ती. उघड, उघड म्हणून. मला ऐकू येत होतं सगळं, पण हातपाय हलेनात."

सनिय्या तिच्या ओठांवरून नजर काढेना.

"आवाज कसा होता?"

"बसलेला. गळा फाटेस्तोवर ओरडल्यासारखा." सुनेचा चेहरा पाहून हाज्जानं तिचा हात हातात घेतला. "पण गोड होता गं. आई लेकराला झोपेतून उठवते ना... तसा."

हाज्जानं वहीबाला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि तिच्या चित्रपटांत कुठेही तिचा आवाज नाही.

पुढच्या मंगळवारी सनिय्या बाळाला कुशीत घेऊनच गेली. तेच कारंजं. म्हातारा ओरडत होता, बायका रडत होत्या.

"आज काय म्हणते गं?" एहसाननं विचारलं.

सनिय्यानं 'काही नाही' अशी मान हलवली.

आईचे ओठ मिटलेले होते. ती नुसती बाळाकडे बघत होती.

एहसान शपथेवर सांगायची, की ओठ हलत होते, नेहमीसारखेच. सनिय्याला मात्र ते पुन्हा कधीच हललेले दिसले नाहीत. थिएटर बंद होईपर्यंत ती दर मंगळवारी जात राहिली.

याचा अर्थ मला लागलेला नाही. खमसीन सुटला की आमच्या घरात अजून एक खिडकी उघडी ठेवतात. धूळ येते, येऊ दे.

आजोबा सांगतात, हाज्जा पार थकली, अंथरुणाला खिळली, तरी सनिय्या तिच्या उशाशी बसून एकच विचारायची...

"हाज्जा, आवाज कसा होता? पुन्हा सांगा ना."