वंदनाचे बंद ओठ

मैनाबाईंनी खुर्ची घेतली नाही. दाराशीच उभ्या राहून त्या बोटांना गुंडाळलेली चिंधी चाळवत होत्या.

"माह्या सुनेची नोकरी जाऊन राहिली वं. तिनं लस टोचली अन् लोकायच्या दंडाले फोड आले. उद्या मोठे साहेब येतात चौकशीले."

त्यांची सून वंदना हुडकेश्वरच्या लसीकरण शिबिरात नर्स होती.

"बोटांना काय झालं?" खासगी गुप्तहेर नंदिनीनं विचारलं.

"तव्याचा चटका."

नंदिनीचा जोडीदार रुपराव, निवृत्त हवालदार, जिना उतरता उतरताच निकाल देऊन मोकळा झाला. "लस खराब. दुसरं काय?"

मैनाबाईंच्याच गल्लीतले म्हातारे विणकर धोंडबा यांनी बाही वर केली. सुईची खूण खांद्याजवळ होती. फोड मात्र बरेच खाली, दंडाभोवती कड्यासारखे होते.

"दुसऱ्या दिवशी आग सुटली. वंदनाच धावत आली. दंडावरचं सगळं सोडवून काढलं, दंड धुतला, मलम लावलं. पोरगी चांगली आहे गा, पन लस..."

शेजारच्या संघपालला त्याच कुपीतली लस मिळाली होती. त्याचा दंड स्वच्छ.

"मले काहून काही झालं नाही, मलेच समजून नाही राहिलं. आमच्या घरी गंडेदोरे चालत नाहीत. डॉक्टर म्हणतो ते करतो."

"याचं रक्त दमदार," रुपराव म्हणाला. नंदिनी गल्लीत नुसती येरझारा घालत राहिली. तिला स्वस्थ उभं राहवत नव्हतं.

मैनाबाईंच्या दारावर लिंबू, मिरच्या आणि तेलानं चकाकणारा काळाभोर बिब्बा ओवून टांगला होता. आत वंदना एवढ्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालून बसलेली.

"चूक माझीच असेल," ती म्हणाली. "तसं लिहून देते."

"तू स्वतः लस घेतलीस?"

"या खेपेला नाही."

"मग बाही वर कर."

वंदनानं बाही आणखीच खाली ओढली. शेवटी मैनाबाईंनीच तिची बाही सरकवली. तेच फोड, तसंच कडं.

नंदिनी दिवसभरात पहिल्यांदा खाली बसली.

"लस न घेता फोड, म्हणजे दोष लसीचा नाही. फोड सुईपाशी नाहीत, दोरा बांधतात तिथे आहेत. दोरा न बांधणारा संघपाल सुटला. मैनाबाई, दंडाला बिब्बा तुम्ही बांधलात ना?"

"लोक सुईले भेत होते. म्हटलं, नजर नाही लागणार, जा तिच्याकडं. वंदनालेही बांधला. बिब्बा तर आपन पोरायलेही बांधतो वं."

"तो वाळलेला. तुम्ही घाईत ताजे आणले, दारावरचाही ताजाच आहे, आणि ओवायला तापल्या सुईनं भोकं पाडलीत. तेल सुटलं, ते कातडी जाळतं. तुमची बोटंही तव्यानं नाही, त्याच तेलानं भाजली; त्याचे फोड उशिरा उठतात, म्हणून तुम्हाला कळलं नाही. वंदनानं हे ओळखलं, दोरे काढले आणि गप्प बसली."

"नोकरी गेली असती तरी?" रुपराव चक्रावला.

"गल्ली सासूबाईंच्या अंगावर आली असती," वंदना हळूच म्हणाली. "आणि त्यांनी केलं कोणासाठी? माझ्यासाठीच ना."

मैनाबाई उठल्या.

"उद्या साहेबांपुढं सांगा," रुपराव म्हणाला.

"उद्या काहून?" त्या भर गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या. "धोंडबा, बाहेर ये गा. तुहा दंड मी जाळला."

वंदना आपली उघडी बाही तशीच ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.