मधली खुर्ची

मान आखडलेला माणूस दारातून येतो तेव्हा आधी खांदा आत येतो, मग बाकीचा माणूस. तोही तसाच आला. आल्या आल्या त्याने भिंतीवरच्या घड्याळाला नमस्कार केला, कारण तोंड तिकडेच वळलेलं होतं.

"मी इकडे आहे," ती म्हणाली.

"दिसताय... अर्ध्या."

पेशंटला हसायचं नाही हे फिजिओथेरपीच्या कुठल्या पुस्तकात नसलं तरी पाळावं लागतं. तिने ते पाळलं. "काय करत होतात?"

"नायिकेला घराबाहेर काढत होतो. बाई निघायलाच तयार नाही! लिहिता लिहिता मानच धरली."

तो सिनेमे लिहायचा. तेही कसले, तर रडके. कुणाची तरी दृष्टी जाते, कुणाचा तरी भाऊ परागंदा होतो आणि शेवटी सगळे मिळून धो धो पावसात एकमेकांना हाका मारतात! तिला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा. आईबाबांना मात्र त्याचं भारी वेड, म्हणून अधूनमधून थेटरात तिची वरात निघायचीच.

"इतकं कुणी रडतं का हो खरोखर?" त्याच्या मानेवर अंगठा ठेवत तिने विचारलं.

"घरी नाही रडत. म्हणून तर तिकीट काढून रडायला येतात... आई गं!"

"सैल सोडा. आणि या गोष्टी सुचतात कुठून?"

"सुचतात कसल्या, लोकच सांगतात. फक्त म्हणतात, आमच्या शेजाऱ्यांकडे असं झालं." तो कळवळत हसला. "आजवर एकानेही स्वतःच्या घरातलं सांगितलेलं नाही. आपण मान डोलवायची. अर्थात... डोलत असेल तर."

आता मात्र ती हसली.

तिची एक पद्धत होती. दुखऱ्या जागी अंगठा दाबायचा आणि पेशंटला गोष्ट सांगत राहायचं. गोष्टीत जीव अडकला की मान आपोआप सैल पडते. पण हा पडला पेशानेच गोष्टीवाला. साध्यासुध्या गोष्टीने बधेना. उपचारांच्या शेवटच्या आठवड्यात तिच्याकडचा साठाच संपला, आणि तोंडातून निघून गेलं, "माझ्या एका पेशंटच्या घरी ना... नवराबायको एकमेकांशी बोलतच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे एका घरात राहतात, एका टेबलावर जेवतात. पण बोलायचं ते मुलीमार्फत. 'त्यांना सांग, चहा निवतोय.' 'तिला सांग, निवू दे.' दोघांच्या मध्ये बसून मुलगी सांगत राहते. लहानपणापासून."

"भांडण कशावरून?"

"ती सांगते एक, तो सांगतो भलतंच."

त्याची मान लोण्यासारखी सैल पडली. तिच्या अंगठ्याला ते कळलं, आणि उगीचच बरं वाटलं.

मान बरी झाली, तरी तो यायचा थांबला नाही. कधी खांदा दुखायचा, कधी नुसताच जवळून जात असायचा. आणि एकदा जिन्यात, छत्री मिटता मिटता, त्याने सरळ विचारून टाकलं.

"लग्न कराल माझ्याशी?"

हो म्हणायचं होतं तिला — अगदी ओठांवर होतं! पण डोळ्यांपुढे आलं घरातलं जेवणाचं टेबल. आपण उठून गेलो तर त्या दोघांनी काय करायचं? मीठ हवं असलं तरी मागणार नाहीत, उपाशी बसतील.

"नाही," ती म्हणाली.

"कारण?"

"कारण... नाही."

"सिनेमात असं चालत नाही हो. प्रेक्षक कारण मागतात." थट्टा करायला गेला खरा, पण आवाजाने दगा दिला. छत्री पुन्हा उघडून तो खाली उतरून गेला. ती लगेच पुढच्या पेशंटच्या गुडघ्याला भिडली. गुडघ्याचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.

वर्ष उलटलं. पोस्टरवर त्याचं नाव दिसलं तेव्हा, आपल्याला काही वाटत नाही हे स्वतःला पटवून द्यायला म्हणून तिने तिकिटं काढली. तीन. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, मधल्या खुर्चीत ती.

"त्यांना सांग, पाय आवरून बसा म्हणावं," आई म्हणाली.

"बाबा, पाय."

"तिला सांग, पाय माझेच आहेत."

पडदा उजळला. पडद्यावर एक जेवणाचं टेबल. एक बाई म्हणाली, "त्यांना सांग, चहा निवतोय."

मेले! आता हे दोघं ओळखणार. भर थेटरात काय तमाशा होईल कुणास ठाऊक. ती पुतळ्यासारखी समोर बघत राहिली. पडद्यावरच्या मुलीला एक मुलगा लग्नाचं विचारत होता, आणि मुलगी नाही म्हणत होती. मग दार लावून ती आरशाशी बोलली, "मी गेले तर यांच्यात बोलणार कोण?" प्रत्यक्षात जे कारण त्याला मिळालं नव्हतं, ते त्याने नायिकेला देऊन टाकलं होतं. सगळ्या थेटरात मुसमुस सुरू झाली, आणि तिलाही हुंदका आवरेना.

तेवढ्यात आई तिच्या अंगावरून पलीकडे वाकली.

"काय हो ही माणसं! पोरीचा जीव जातोय मधल्यामध्ये, आणि यांना त्याचं काही आहे का?"

"नाहीतर काय," बाबा म्हणाले. "दोघांच्या एकेक ठेवून द्यायला पाहिजे."

"दोघांच्या का? सुरुवात त्याने केली."

"त्याने? अगं, अबोला कुणी धरला आधी?"

"धरेल नाहीतर काय करेल? बोलला कसं तिला!"

"श्श!" मागून कुणीतरी ओरडलं.

ती दोघांकडे बघतच राहिली. आपली गोष्ट दोघांनाही ओळखू आली नव्हती, आणि दोघं समोरासमोर कडाकडा भांडत होते! ती उठली. "आलेच मी," म्हणाली. कुणी ऐकलं नाही. आई फक्त सरकून मधल्या खुर्चीत बसली, भांडायला सोयीचं म्हणून.

बाहेर तो खांबाला टेकून उभा होता. कोण डोळे पुसत बाहेर येतंय हे बघायची लेखकांना खोड असते. तिला बघून मात्र तो सरळ झाला.

"तुम्ही? आणि... रडताय? तुम्हाला तर असले सिनेमे—"

"ती पेशंट नव्हती," ती म्हणाली. "ती मुलगी मीच."

तो कानापर्यंत लाल झाला.

"शप्पथ, माहीत नव्हतं मला. सगळ्यांचे शेजारी ओळखले... तुमच्याच तेवढ्या बोलण्यावर विश्वास ठेवला मी." मग हळूच म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी जिन्यात... कारण हे होतं?"

"हे होतं."

"आणि आता?"

"आता आत दोघं भांडतायत. माझ्याशिवाय." तिला एकदम हसू आलं, रडू तसंच होतं. "मला कुणी विचारेना तिथे. तू विचार ना... पुन्हा."

तो 'तू' ऐकून त्याला शब्द सुचेनात. सिनेमे लिहिणारा माणूस! त्याने नुसता हात पुढे केला, आणि तिने तो धरला.

दार ढकलून बाबा बाहेर आले. "तुझी आई म्हणतेय, शेवट चुकेल तुझा, चल—" ते थांबले. हाताकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "हे कोण?"

"यांनीच लिहिलाय सिनेमा."

"असं होय!" बाबा खूश झाले. "काय हो, असली चक्रम माणसं तुम्हाला भेटतात तरी कुठे?"

तीच म्हणाली, "बाबा, ते आपलंच घर आहे. तुमचं, आईचं नि माझं. आणि मी याच्याशी लग्न करणार आहे."

आत थेटरात संगीत चढलं होतं. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"हे..." शेवटी त्यांनी घसा खाकरला. "हे तुझ्या आईला कोण सांगणार?"

"तुम्ही," ती म्हणाली.

बाबा वळले, आणि दार ढकलून आत गेले.