खुंटाचं पान

प्रेरणा चुकीच्या पानाला हात घालत होती, आणि ते तिला एका अनोळखी माणसानं सांगितलं. सात वर्षं झाली त्याला. अजून आठवलं की तिला एकटीलाच हसू येतं.

छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत ती सुगंधी द्राक्षाची नवी जात शोधायच्या कामावर होती. वेलाला फळ यायला दोन-तीन वर्षं लागतात. पण कोवळ्या पानातला डीएनए तपासला, की द्राक्षाला सुगंध येणार का, हे आधीच कळतं. चाचणीचे कलमी वेल फुलंब्रीजवळ इंद्रजीत नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात लावले होते. ती वाकून पान खुडणार, तोच मागून आवाज आला.

"मॅडम, ते खुंटाचं पान हाय. तुमचा वेल कलमाच्या वर हाय."

खाली रानटी द्राक्षाचा खुंट, त्यावर नव्या जातीची काडी बांधलेली; आणि ही शहाणी खुंटाच्या फुटव्याचं पान न्यायला निघालेली! पीएचडी झालेली प्रेरणा कानापर्यंत लाल झाली. इंद्रजीत हसला नाही. हसले ते त्याचे डोळे… आणि एसटीनं घरी पोचेपर्यंत ते तिच्यासोबत होते.

मग दर गुरुवारी फुलंब्री. तो चहाचा थर्मास घेऊन बांधावर उभा असायचा, आणि आपण सहजच आलोय असं दाखवायचा. एकदा म्हणाला, "पानावरून समदं कळतं म्हणता. माणसाचं बी कळतं का?"

"माणसाला पानं कुठं असतात?" असं म्हणून ती भरभर पुढच्या ओळीत निघून गेली. गाल तापले होते, आणि ऊन काही एवढं नव्हतं. किती साधे होते ते गुरुवार! तसे आता परत यायचे नाहीत.

एकेचाळीस नंबरच्या वेलाचा अहवाल तीनदा 'सुगंध नाही' असा आला, तीनदा तिला परत यावं लागलं. चौथ्यांदा मात्र सुगंधाचं जनुक सापडलं आणि काम संपलं. त्याच आठवड्यात तिची पुण्याला दोन वर्षांच्या संशोधनासाठी निवड झाली. त्याच आठवड्यात इंद्रजीतच्या आईनं, आवडाबाईंनी, खुलताबादचं स्थळ काढलं. रविवारी मुलगी बघायला जायचं होतं.

शेवटच्या गुरुवारी दोघं त्या वेलापाशी उभी होती.

"एक सांगू?" इंद्रजीत म्हणाला. "तीनदा तुम्ही खुंटाचंच पान नेलं. म्या बघितलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर… तुम्ही परत आल्या नसत्या."

प्रेरणानं मान खाली घातली. "पहिल्याच दिवशी शिकवलं होतंत तुम्ही. मी ते विसरेन, असं वाटलं तुम्हाला?"

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं, तेव्हा त्याला थर्मास खाली ठेवावा लागला.

"पण मी पुण्याला जाणार," ती म्हणाली. "दोन वर्षं."

"जा की. वेल लावून तीन वर्षं वाट बघणारा माणूस हाय मी."

"आणि रविवार?"

त्यानं तिथूनच आईला फोन लावला. खुलताबादला नाही म्हणून कळव, म्हणाला. का, असं आवडाबाईंनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यानं फोन प्रेरणाच्या हातात दिला.

"आई…" ती म्हणाली. त्या दिवसापर्यंत ती त्यांना काकू म्हणायची.