उंबऱ्यावरचं चिनी नाणं

वात जरा मोठी करा, म्हणजे सांगतो.

चौऱ्याहत्तर साल. मी तेव्हा सांगलीला, विश्रामबागेत कॉलेजात इतिहास शिकवायचो. जुन्या नाण्यांचा भारी नाद. बायको त्यांना भंगार म्हणायची. दसऱ्यानंतर एका दुपारी शिराळ्याकडचे नाथाजी तांदळाची पिशवी घेऊन आले. मागे त्यांची सून, विजयमाला. तिचा नवरा कृष्णात बासष्टच्या लढाईत चीनच्या सरहद्दीवर बेपत्ता झालेला. अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून जाळायचा आणि बायकोनं कुंकू पुसायचं, ही रीत. दिवाळीत बारा वर्षं भरत होती.

विजयमालानं पदराची गाठ सोडली. आत चौकोनी भोकाचं, ओतीव काशाचं नाणं होतं.

"दर नागपंचमीला उंबऱ्यावर असं एक घावतं," ती हळूच म्हणाली. "त्येच धाडत्यात. ह्येच्यावर साल असंल न्हवं? औंदाचं असलं तर ते जित्तं हायती."

मला तिची कीव आली. आपल्या पैशावर असतं तसं साल त्यावर नव्हतंच. भोकाभोवती चार अक्षरं, मागे नखाएवढी कोर, अंगात मुरलेला हिरवा गंज. मी पुस्तकाशी ताडून पाहिलं.

"तांग राजवटीतलं. हजार वर्षांहून जुनं," मी ऐटीत सांगितलं. "तुमच्या नवऱ्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

नाथाजी सुनेकडे वळले. "ऐकलंस न्हवं पोरी? आता सोड त्येचा नाद."

दिवाळी सरल्यावर एका संध्याकाळी दार वाजलं. लाईट गेलेली. कंदील घेऊन उघडलं, तर विजयमाला एकटीच उभी होती. कपाळ मोकळं. अंगाला धुराचा वास येत होता.

"काल इधी झाला. आज सकाळी राख सावडाया गेलो, तर..."

तिनं फडकं उलगडलं. आत हाडं होती. माणसाची, तडकलेली.

"पुतळा दर्भाचाच होता ना?" मी कंदील जवळ धरत विचारलं.

"व्हय. म्याच बांदला हुता."

हाडांत एक नाणं होतं. मी ते उचलून उजेडात धरलं. तीच अक्षरं, तीच कोर. पण गंजाचा ठिपकाही नाही. साच्यातून काढल्यावर नाण्याची कड कानशीनं घासतात. ह्याची घासायचीच राहिली होती.

"नीट बघून सांगा सर... आमी जाळलं तवा ते जित्तं हुतं का?"

"नाणं जुनंच आहे," मी म्हणालो.

ते माझ्या बोटांना पोळत होतं, आणि तिच्यासमोर मला ते खाली टाकता येत नव्हतं.